शाळेचा संघ घेऊन विज्ञान प्रदर्शनात उतरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विज्ञान शिकवते. शाळेचे संघ घेऊन प्रदर्शनांना जाते आणि अधूनमधून परीक्षक म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही उभी राहते. खालचे प्रश्न विद्यार्थी, पालक आणि पहिल्यांदाच संघाची जबाबदारी अंगावर पडलेले शिक्षक पुन्हा पुन्हा पाठवतात. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विज्ञान प्रदर्शन म्हणजे मॉडेल करून न्यायचं आणि समजावून सांगायचं, एवढंच ना?

काही प्रदर्शनांत तेवढंच असतं. तिथे मॉडेल किंवा प्रतिकृती मांडायची असते आणि ते तत्त्व किती स्वच्छ समजावता, हे पाहतात. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी मात्र तुम्ही स्वतः एक प्रश्न घेऊन त्याचं उत्तर मोजून काढलंय का, हे बघतात. तिसरा प्रकार अभियांत्रिकीचा. एखादी अडचण घ्यायची, उपकरण बनवायचं आणि ते किती चालतं हे तपासायचं. आपलं प्रदर्शन यांपैकी कोणतं, हे नियमपत्रक वाचून पहिल्याच दिवशी ठरवा. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी पहिल्या प्रकारात खपून जातो. दुसऱ्या प्रकारात परीक्षक शांतपणे विचारतात, ‘यात तुम्ही शोधलं काय?’ आणि टेबलामागे शांतता पसरते.

२. संघात किती जण चालतात?

प्रत्येक प्रदर्शनाचा आकडा वेगळा, पण मोठ्या स्पर्धांमध्ये मर्यादा साधारण तीनची असते. आयसेफ ही आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा १९५० मध्ये फिलाडेल्फियात राष्ट्रीय मेळावा म्हणून सुरू झाली आणि १९५८ पासून तिचं रूप आंतरराष्ट्रीय झालं. तिथे संघात जास्तीत जास्त तीन विद्यार्थी चालतात. युरोपीय संघाची तरुण वैज्ञानिकांची स्पर्धा १९८९ पासून भरते. तिथेही तीनच, आणि वय १४ ते २०. शाळेत सहा जणांनी नावं दिली तर त्यांचे दोन संघ करा. चौथ्याला ‘मदतनीस’ म्हणून राबवायचं आणि बोर्डावर त्याचं नाव घालायचं नाही, असं करू नका. मुलं हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

३. तिघी घट्ट मैत्रिणी आहोत. आमचाच संघ केला तर?

जरूर करा, फक्त आधी एक चाचणी घ्या. तिघींनी एकत्र बसून कुठलीही छोटी गोष्ट तासभर मोजा, लिहा, आणि बघा काय होतं. एक मोजते, दुसरी तिला हसवते, तिसरी फोनवर असते, असं झालं तर मैत्री जपा आणि संघ वेगळे करा. माझ्या अनुभवात अक्षर आणि चित्र सुबक असण्यापेक्षा रोज ठरल्या वेळी हजर राहणारं माणूस संघात असणं जास्त कामाचं. दर दिवशी नोंद घ्यायच्या प्रयोगात तर फारच.

४. तयारीला किती दिवस लागतात?

प्रश्न ठरवायला एक-दोन आठवडे. परवानग्या लागणार असतील तर (प्रश्न १३ पाहा) आणखी काही आठवडे. प्रयोगाला किमान महिना, कारण पहिली फेरी बहुतेक वेळा वाया जाते. बोर्ड आणि सरावाला शेवटचे दोन आठवडे. आयसेफसारख्या ठिकाणी एका प्रकल्पातलं काम जास्तीत जास्त सलग १२ महिन्यांचं धरतात, म्हणजे फार लांबवण्यालाही मर्यादा आहे. ‘प्रदर्शन पुढच्या सोमवारी आहे, काय करू?’ असेही निरोप येतात. त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: लोलक (दोरीला बांधून झुलवलेलं वजन) घ्या, प्रश्न ८ वाचा आणि दोन दिवसांत होईल तेवढंच नीट करा.

५. विषयच सुचत नाही. एखादा चांगला विषय सांगा ना.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विषय मी सांगत नाही. माझ्याकडून घेतलेल्या विषयावर परीक्षकांनी ‘हेच का निवडलं?’ विचारलं की उत्तर ‘बाईंनी सांगितलं’ एवढंच उरतं.

त्याऐवजी हे करा. संघातल्या प्रत्येकाने आठवडाभर एक छोटी वही खिशात ठेवायची आणि जे खटकेल ते लिहायचं. वर्गातल्या पंख्याच्या पात्यांवर धूळ एकाच कडेला का जमते? ओला कपडा घडी घालून ठेवला तर वाळायला किती जास्त वेळ लागतो? पेन्सिलीची रेघ वीज वाहू देते, तर रेघ लांब केल्यावर काय होतं? आठवड्याच्या शेवटी तिघांच्या वह्या समोर ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाला तीन कसोट्या लावा. उत्तर आकड्यात मोजता येईल का? त्यातली एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवता येतील का? हाताशी असलेल्या वेळात आणि सामानात होईल का? वीस प्रश्नांतले दोन-तीन उरतात. त्यांतला जो विषय निघाला की तिघं भांडतात, तो घ्या.

‘प्रदूषण’, ‘सौरऊर्जा’, ‘पाणी वाचवा’ ही शीर्षकं झाली. त्यांतून मोजता येईल असा प्रश्न काढावा लागतो. ‘सौर पटल जमिनीशी किती अंशांचा कोन करून ठेवलं तर दुपारी १२ वाजता सर्वाधिक विद्युतधारा मिळते?’ हा प्रश्न.

६. इंटरनेटवर सापडलेला प्रयोग जसाच्या तसा केला तर चालतं का?

सराव म्हणून उत्तम. स्पर्धेत उतरवायचा तर त्यात तुमचा बदल हवा: वेगळी सामग्री, मोजण्याची वेगळी पद्धत किंवा मूळ प्रयोगात न विचारलेला प्रश्न. मूळ कल्पना कुठून घेतली ते लपवू नका. परीक्षकांनीही तोच व्हिडिओ पाहिलेला असतो.

७. गृहीतक, चल, नियंत्रित संच… हे शब्द पाठ आहेत, पण आमच्या प्रयोगात बसवता येत नाहीत.

एक प्रयोग घेऊ: खारट पाण्यात मुळ्याच्या बिया कितपत उगवतात?

मिठाचं प्रमाण तुम्ही बदलता, म्हणून ते स्वतंत्र चल. किती बिया उगवल्या ते तुम्ही मोजता, म्हणून ते अवलंबी चल. बियांचं पाकीट, बशी, खालचा कागद, पाण्याचं आकारमान, उजेड, तापमान हे सगळं सारखं ठेवायचं. बिनमिठाच्या पाण्यातल्या बश्या हा तुलनेचा म्हणजे नियंत्रित संच. त्या नसल्या तर बिया मिठाने मेल्या की मुळातच जुन्या होत्या, हे कधीच कळणार नाही. मीठ जसं वाढेल तशी उगवण कमी होईल, असं तुम्हाला वाटतं आणि का वाटतं तेही सांगता येतं: बाहेरचं पाणी जितकं खारट तितकं बीला ते आत ओढून घेणं जड जातं. हे कारणासकट मांडलेलं वाक्य म्हणजे गृहीतक.

आता पुस्तकात नसलेल्या गोष्टी. अर्धा ग्रॅम मीठ साध्या काट्यावर नीट मोजता येत नाही. म्हणून २० ग्रॅम मीठ घेऊन त्याचं पाण्यात एक लिटर द्रावण करा. ते झालं २ टक्क्यांचं. त्यात तेवढंच पाणी घातलं की १ टक्का, त्यात पुन्हा तेवढंच घातलं की अर्धा टक्का. ‘उगवलं’ कशाला म्हणायचं तेही आधीच ठरवा, उदाहरणार्थ मूळ किमान २ मिलिमीटर बाहेर दिसलं पाहिजे. हे ठरवलं नाही तर तिसऱ्या दिवशी तिघांचे तीन आकडे येतात. बश्यांवर टक्केवारी लिहू नका, क, ख, ग अशी खूण करा आणि कोणती खूण कशाची हे मोजणाऱ्याला सांगू नका. खारट पाण्यात कमीच उगवणार असं मनात असलं की डोळेही कमीच मोजतात.

८. प्रयोग किती वेळा करायचा? तीनदा केला की झालं ना?

तीन हा कमीत कमी आकडा. किती वेळा करायचा ते तुमचे आकडे एकमेकांपासून किती दूर पडतात यावर ठरतं. तीन वाचनं २०.१, २०.२, २०.१ आली तर निर्धास्त राहा. १४, २६, १९ आली तर आणखी हवीत, आणि एवढा फरक का पडतोय हेही शोधायला हवं.

मोजण्याची पद्धत सुधारली तर फेऱ्या वाढवण्यापेक्षा जास्त फायदा होतो. एक मीटर लांबीच्या लोलकाला एका दोलनासाठी, म्हणजे एकदा जाऊन परत यायला, सुमारे २ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना माणसाच्या हाताला सुमारे ०.२ सेकंद उशीर होतो, म्हणजे एका दोलनात १० टक्क्यांपर्यंत चूक. सलग २० दोलनांचा वेळ मोजून त्याला २० ने भागा. चूक तेवढीच, पण ती वीस दोलनांत वाटली जाते आणि एका दोलनाच्या वाट्याला ०.०१ सेकंद येते. खर्च काही नाही.

एका सापळ्यात जवळजवळ प्रत्येक संघ अडकतो. एका बशीत ३० बिया ठेवल्या म्हणजे प्रयोग ३० वेळा झाला, असं नाही. ती बशी खिडकीशी असेल किंवा तिच्यात चुकून पाणी जास्त पडलं असेल, तर तिसाच्या तीस बिया एकत्र बिघडतात. प्रत्येक प्रमाणाच्या तीन बश्या, प्रत्येकीत दहा बिया, आणि बश्यांच्या जागा रोज अदलाबदल, असं करा. बिया तेवढ्याच लागतात.

९. नोंदवही टाइप केलेली चालेल का? शेवटी नीट उतरवून काढली तर?

शेवटी उतरवून काढलेली वही परीक्षकाला पहिल्या पानावरच ओळखू येते. एकच शाई, एकच दाब, कुठे खाडाखोड नाही आणि तारखांना रविवारही सुटलेला नाही. कच्ची वही न्या. पानांना क्रमांक घाला, रोजची तारीख आणि वेळ टाका, कोणी मोजलं त्याचं आद्याक्षर लिहा. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा, पांढरी शाई लावू नका. संगणकावर नोंदी ठेवायची मुभा काही ठिकाणी असते. तसं असेल तर जुन्या प्रती पुसू नका.

वहीचा उपयोग मला एका संघाबरोबर पटला. मुलं वेगवेगळ्या आवरणांत गुंडाळलेल्या बाटल्यांतलं पाणी किती लवकर थंड होतं ते मोजत होती. सहाव्या दिवसापासून सगळीच तापमानं थोडी वर सरकली. चौघांनी चार कारणं सांगितली: खोली गरम झाली, पाणी जास्त घेतलं, वगैरे वगैरे. मग एकीने मागचं पान उलटलं. पाचव्या दिवसाच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘थर्मामीटर फुटला, कपाटातला दुसरा घेतला.’ दुसरा थर्मामीटर बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवला, तर त्याने दीड अंश दाखवलं. तिथे शून्यच दाखवायला हवं होतं. पुढच्या सगळ्या वाचनांतून दीड अंश वजा केला, गरम पाण्यातलं एक वाचनही पडताळायला तिसरा थर्मामीटर उसना आणला, आणि ही सगळी हकिगत बोर्डावर आली. परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवला.

(हो, तो संघ चौघांचा होता. त्या प्रदर्शनात चौघं चालत होते.)

१०. कामाची वाटणी कशी करायची?

काम वाटा, समज वाटू नका. एक जण बश्यांचं पाणी बघेल, एक जण मोजेल, एक जण आलेख काढेल, हे ठीक. पण दर आठवड्याला एकदा खुर्च्या बदला: ज्याने आलेख काढला त्याने मोजायचं, जिने मोजलं तिने आलेख वाचून दाखवायचा. ‘ते तिचं काम होतं, मला माहीत नाही’ हे वाक्य परीक्षकासमोर आलं की सगळ्या संघाचे गुण जातात. कोण किती बोलणार हा प्रश्न १६ चा विषय.

११. शिक्षकांनी आणि पालकांनी किती मदत करावी?

प्रश्न विचारून मदत करा. हत्यार हातात घेणं फक्त धोक्याच्या कामापुरतं. कापणं, ड्रिल, सोल्डरिंग, उष्णता, आम्लं यांवर मोठ्या माणसाची देखरेख हवीच, आणि मुलाला करता येण्यासारखं नसेल ते मोठ्याने केलं तर तसं वहीत लिहावं. निष्कर्षाची वाक्यं, आलेख आणि बोर्डावरचा मजकूर मुलांचाच. एका बोर्डावर मी ‘सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय’ असे शब्द वाचले आणि अर्थ विचारला. मुलीने प्रामाणिकपणे मागे उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी बोर्डाकडे पाहिलं.

१२. शाळेत प्रयोगशाळा नावापुरती आहे. उपकरणं नसताना काय करायचं?

फोन आहे ना? त्यात त्वरणमापक, मायक्रोफोन आणि कॅमेरा असतो, बऱ्याच फोनमध्ये प्रकाश आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारे संवेदकही. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे ॲप फुकट आहे आणि त्यात ही सगळी वाचनं थेट आलेखात मिळतात. फोनचा आकडा खरा किती हे मात्र एकदा ओळखीच्या गोष्टीवर ताडून बघा, वर थर्मामीटरचं केलं तसं. साध्या उपकरणाने काळजीपूर्वक केलेलं काम, भाड्याने आणलेल्या आणि कोणालाच न समजलेल्या यंत्रापुढे कमी पडताना मी पाहिलेलं नाही.

१३. आम्हाला वर्गमित्रांची पाहणी करायची आहे, किंवा प्राण्यांवर, जंतूंवर प्रयोग. परवानगी लागते का?

लागते, आणि ती काम सुरू करण्याआधी लागते. नंतर घेतलेली सही चालत नाही. प्रकल्प बाद होण्याचं हे अगदी नेहमीचं कारण, आणि मुलांचा तीन महिन्यांचा जीव यात जातो म्हणून जरा सविस्तर सांगते.

माणसं: प्रश्नावली, स्मरणशक्तीची चाचणी, व्यायामानंतरची नाडी, हे सगळं माणसांवरचं संशोधन धरलं जातं. मोठ्या स्पर्धांत त्यासाठी छोटी तपासणी समिती योजना आधी वाचते. भाग घेणाऱ्याची संमती हवी, आणि तो अल्पवयीन असेल तर बऱ्याचदा पालकांचीही. नावं गुप्त ठेवायची आणि कोणालाही मधेच सोडून जायची मोकळीक द्यायची. ‘फक्त दहाच प्रश्न होते’ ही सबब चालत नाही.

प्राणी: पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठी नियम कडक आहेत. त्यांना त्रास न देता दुरून निरीक्षण करण्याचा प्रकल्प सोपा पडतो. मुंग्या, गांडुळं यांसाठी अटी कमी, पण तुम्ही त्यांचं काय केलंत हे विचारलं जातंच.

जंतू: घरी जिवाणू वाढवू नका. आयसेफच्या नियमांत त्याला सरळ मनाई आहे. दाराच्या कडीवरून कापूस फिरवून बशीत काय वाढेल हे आधी कोणालाच माहीत नसतं, म्हणून योग्य प्रयोगशाळा आणि जाणकाराची देखरेख हवी. बशी चिकटपट्टीने बंद करायची, वाढ झाल्यावर उघडायची नाही आणि काम संपल्यावर निर्जंतुक करूनच टाकायची. बुरशीचंही तसंच.

१४. बोर्डावर काय आणि किती लिहायचं?

शीर्षक दोन मीटरवरून वाचता यावं. त्याखाली प्रश्न, पद्धत, आकडे, निष्कर्ष. सगळ्यात मोठी जागा आलेखाला द्या. आयसेफमध्ये मांडणीची रुंदी १२२ सेंटिमीटर आणि खोली ७६ सेंटिमीटरपर्यंत चालते. तुमच्या प्रदर्शनाचं माप वेगळं असू शकतं, म्हणून पुठ्ठा कापण्याआधी नियम बघा. सारांश मागितला असेल तर शब्दमर्यादा पाळा. आयसेफमध्ये ती २५० आहे.

आलेखाच्या दोन्ही अक्षांवर नाव आणि एकक हवं. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. तो ९० पासून सुरू केला की ९६ चा स्तंभ ९२ च्या तिप्पट उंच दिसतो, आणि परीक्षकाला वाटतं तुम्ही फसवताय. बहुतेक वेळा ती संगणकाने आपोआप केलेली करामत असते. चकचकीत किनार, थर्माकोलची अक्षरं, दिव्यांची माळ यांवर वेळ घालवायचा तर सराव झाल्यावर घालवा.

१५. प्रयोगातल्या बश्या, द्रावणं, बॅटरी टेबलावर ठेवता येतील का?

नियम विचारल्याशिवाय काहीच नेऊ नका. आयसेफमध्ये जिवंत वनस्पती, माती, रसायनं, इतकंच काय साधं पाणीही टेबलावर चालत नाही. शाळेच्या पातळीवर बरीच सूट असते. फोटो काढून ठेवले की दोन्हीकडे भागतं. फोटोत माणसं असतील तर त्यांना विचारा आणि फोटो कोणी काढला ते खाली लिहा.

१६. परीक्षक काय विचारतात? आमच्यातला एकच चांगला बोलतो, त्यानेच बोललं तर?

त्याने सुरुवात करावी, बाकी परीक्षक करतीलच. मी स्वतः सर्वांत गप्प मुलाकडे वळून विचारते, ‘हा तिसरा बिंदू इतका खाली का आहे?’ हेतू त्याला अडवण्याचा नसतो. काम तिघांनी केलंय का, एवढंच बघायचं असतं.

फिरून फिरून येणारे प्रश्न असे: हाच विषय का? काय बदललं, काय सारखं ठेवलं? तुमच्या आकड्यात चूक किती असेल? पुन्हा केलं तर काय वेगळं कराल? हा शब्द बोर्डावर आहे, त्याचा अर्थ? तिघांपैकी प्रत्येकाला प्रत्येकाचं उत्तर आपल्या शब्दांत देता यायला हवं. पाठ केलेलं भाषण मधे तोडलं की कोलमडतं, म्हणून सरावात मुद्दाम मधे तोडा. शेजारच्या वर्गातल्या, विषय न शिकलेल्या कोणाला तरी परीक्षक करा. उत्तर येत नसेल तर ‘हे आम्ही तपासलं नाही, पण असं तपासता येईल’ म्हणा. हे उत्तर मला कितीदाही ऐकायला आवडतं.

१७. गृहीतक चुकीचं निघालं. आता प्रकल्प गेला का?

नाही. मीठ वाढवूनही उगवण कमी झाली नाही, तर तीही माहिती आहे. निष्कर्षात ‘आमच्या प्रमाणांत फरक दिसला नाही’ असं लिहा आणि याहून जास्त प्रमाणात काय होईल याचा अंदाज द्या. निकाल पाहून मागे जाऊन गृहीतक बदलणं हीच तेवढी लबाडी. वहीतली तारीख ती उघडी पाडते.

फरक न दिसणं आणि प्रयोग फसणं वेगळं. नियंत्रित संचातल्याही बिया उगवल्या नाहीत, तर प्रयोग फसला. तो पुन्हा करा.

१८. एकच आकडा सगळ्यांपेक्षा वेडावाकडा आलाय. काढून टाकू?

कारण सापडलं (बशी सांडली, वाचन घेणारा चुकला, वहीत तशी नोंद आहे) तर हिशेबातून वगळा, पण तक्त्यात तो आकडा आणि वगळण्याचं कारण दोन्ही ठेवा. कारण सापडलं नाही तर तो राहील. तेव्हा सरासरीसोबत मध्यकही (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) द्या. १२, १३, १२, १४, ३९ यांची सरासरी १८ येते आणि मध्यक १३. दोन्ही शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

१९. संघातला एक जण मधेच सोडून गेला, किंवा आजारी पडला. त्याच्या जागी दुसरा घेता येईल का?

कधी सोडलं यावर अवलंबून आहे. पहिल्या फेरीआधी बहुतेक ठिकाणी बदल करता येतो. एकदा स्पर्धेला उभं राहिल्यावर सहसा नाही. आयसेफच्या नियमांप्रमाणे त्या वर्षात पहिली स्पर्धा झाली की संघातली नावं बदलता येत नाहीत. सोडून गेलेल्याने केलेलं काम वहीत त्याच्या आद्याक्षरासह तसंच राहतं आणि बोर्डावर त्याचा उल्लेख होतो.

प्रदर्शनाच्याच दिवशी कोणी तापाने झोपलं तर आयोजकांना सकाळीच कळवा आणि उरलेल्यांनी उभं राहा. प्रश्न १० मधली अदलाबदल केली असेल तर फारसं अडत नाही.

२०. ऐन वेळी उपकरण बंद पडलं तर?

आधीच चालतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, सुटी बॅटरी, तार, चिकटपट्टी आणि छोटा पेचकस पिशवीत टाका. परीक्षक समोर असताना दुरुस्तीत गुंतू नका. एकाने दुरुस्त करावं, दोघांनी आकडे दाखवावे.

२१. मागच्या वर्षीचाच प्रकल्प पुढे नेला तर चालतो का?

चालतो, पण या वर्षी नवं काय केलं ते वेगळं दिसलं पाहिजे. तेच आकडे पुन्हा मांडणं किंवा तोच प्रयोग आणखी दहा वेळा करणं याला पुढचं काम म्हणत नाहीत. जुना बोर्ड, जुना सारांश सोबत ठेवा आणि बोर्डावर फक्त या वर्षीचं काम मांडा. मोठ्या बहिणीचा जुना प्रकल्प ‘पुढे नेणं’ हा वेगळा मामला. ते काम तिचं, आणि तसं म्हणावं लागतं.

२२. एआयकडून मजकूर लिहून घेतला तर?

आधी तुमच्या प्रदर्शनाचा नियम बघा. मुभा असेल तर कशासाठी वापरलं ते वहीत लिहा. भाषा तपासून घेणं वेगळं आणि आकडे, संदर्भ किंवा निष्कर्ष त्याच्याकडून मागणं वेगळं. अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध ही साधनं अगदी आत्मविश्वासाने सांगतात. बोर्डावरचा एकही शब्द असा नको ज्याचा अर्थ तिघांपैकी कोणालाच सांगता येत नाही (प्रश्न ११ मधले वडील आठवा).

२३. शेजारच्या टेबलावर नेमका आमचाच विषय निघाला!

होतं असं. त्यांच्याशी बोला. त्यांचे आकडे वेगळे का आले हे दहा मिनिटांत कळलं, तर परीक्षकांना सांगायला तुमच्याकडे एक जास्तीची गोष्ट झाली.

२४. आमच्यापेक्षा साध्या प्रकल्पाला बक्षीस मिळालं. तक्रार करावी का?

नियम मोडला गेला असेल, तर शिक्षकांमार्फत आणि दिलेल्या मुदतीत. नुसतं पटलं नसेल तर परीक्षकांचे शेरे मागा. मिळाले तर पहिल्या दिवशी वाचू नका, राग उतरल्यावर तिघांनी मिळून वाचा.

२५. सगळं संपल्यावर सामानाचं आणि वहीचं काय करायचं?

उसनं आणलेलं त्याच आठवड्यात परत. जंतूंच्या बश्या निर्जंतुक करून, रसायनं शिक्षकांना विचारून. सिंकमध्ये काहीही ओतू नका. बोर्ड कोणी घरी न्यायचा यावरून वाद होतो, तो चिठ्ठ्या टाकून मिटवा. वही मात्र शाळेच्या कपाटात राहू द्या आणि तिघांनी तिची एकेक छायाप्रत घ्या. प्रयोगात वापरलेल्या थर्मामीटरवर चिकटपट्टी लावून ‘दीड अंश जास्त दाखवतो’ असं काही कळलेलं असेल तर तेही लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो कोणाच्या हाती येईल सांगता येत नाही.